माझी भोवळ

या लेखाचा मथळा वाचून वर्गातील कित्येक मैत्रिणी हसतील, हे मी जाणून आहे. वार्षिक अंकासाठी लिहावयाचे तर सहलीचे वर्णन लिहावे, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, निदान पावसाळ्यावर तरी दोन पाने भरावीत, हा शिरस्ता. परंतु गेल्या वर्षात माझ्या मनाची सर्वांत अधिक जागा जिने व्यापिली, ती सहल नव्हे आणि पावसाळाही नव्हे. ती माझी भोवळ होय. तेव्हा तिच्याविषयीच लिहिते.

मूळ दुखणे भोवळीचे नव्हे. लहानपणापासून घरीदारी माझी ख्याती 'वेंधळी' अशी. डबा घरी राहावा, वही शाळेत राहावी आणि छत्री कोठे राहिली हे कोणासच ठाऊक नसावे, असा माझा नित्यक्रम. गणिताचे उदाहरण अर्धे सोडवून होते न होते तोच खिडकीबाहेरील कडुनिंबावरची खार मजला बोलावून नेई, आणि परत येईपर्यंत गुरुजींनी फळा पुसलेला असे. मुलगे चंचल असले म्हणजे ते वर्गभर धावतात व त्यामुळे कोणाचे तरी त्यांच्याकडे लक्ष जाते. मुलगी मात्र जागेवर गप्प बसून मनाने दहा गावे हिंडून येते. तिच्याकडे कोण पाहणार? नववीच्या दिवाळीत आम्ही आजोळी लातुरास गेलो असता मामाने मजला तेथील एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी बराच वेळ विचारपूस केली, घरच्यांकडून व शाळेकडून माहिती मागविली, आणि दुसऱ्या भेटीत सांगितले की, हा आळस नव्हे; यास अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे नाव असून इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एडीएचडी म्हणतात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच आपल्या व्याख्यानांतून अशा प्रकारच्या मुलांचे वर्णन केले होते, हे ऐकून मजला विलक्षण समाधान वाटले. माझा वेंधळेपणा निदान शंभर वर्षांचा जुना व प्रतिष्ठित निघाला!

त्यांनी अॅटोमॉक्सेटीन नावाचे औषध सुरू केले. या औषधाचा गुण एका दिवसात येत नाही; काही आठवडे जावे लागतात, आणि मात्राही पायरीपायरीने चढवितात. नांदेडास परत आल्यावर पौषाच्या सुमारास मजला प्रथमच असा अनुभव आला की, एक धडा मी आरंभापासून शेवटापर्यंत वाचला आणि शेवटी येताना आरंभ आठवत होता. आईला त्या दिवशी किती आनंद झाला ते काय सांगू! तिने शेजारी साखर वाटली, मात्र कशाबद्दल ते कोणास सांगितले नाही.

त्यानंतर मात्रा वाढली आणि भोवळ आली.

पहिल्या वेळी मी सकाळच्या प्रार्थनेस उभी होते. प्रथम कानांत दूर कोठे तरी गिरणी चालू असल्याप्रमाणे आवाज आला. मग पुढील रांगेतील मुलींच्या वेण्या काळ्या पडत पडत एकमेकींत मिसळल्या. हातपाय गार झाले, आणि पायांखालील फरशी कोणी तरी हळूच ओढून नेत आहे असे वाटले. मी खाली बसले. कोणी म्हणाले, उन्हाने झाले. एकीने तर प्रार्थना चुकविण्याचे हे उत्तम नाटक आहे, असाही शेरा मारला. मी हसून वेळ मारून नेली. पुढे आठवड्यातून तीनचार वेळा असे होऊ लागले. बाकावरून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी, पलंगावरून उतरले की अंधारी.

मी हे कोणास का सांगितले नाही, असा प्रश्न वाचकांस पडेल. कारण अगदी सरळ होते. सांगितले तर औषध बंद होईल, औषध बंद झाले तर पुन्हा ती खार, ते अर्धे उदाहरण, आणि आईने वाटलेली साखर व्यर्थ! फिरणारे मन पाहिजे की फिरणारे डोके पाहिजे, असा जणू माझ्यापुढे सौदा होता. आणि मी मुकाट्याने डोके पत्करले होते.

परंतु एका सकाळी हा सौदा महाग पडण्याची वेळ आली. आमचे घर सिडकोत, म्हणजे गोदावरीच्या दक्षिणेस, शाळा नदीपलीकडे. मी सायकलने जात असे. फाल्गुन संपत आला होता व ऊन चढू लागले होते. पुलाच्या चढावर मी पेडलवर उभी राहून जोर लावीत होते. माथ्यावर येताच खाली बसले, आणि त्याच क्षणी सारी गोदावरी कलंडली. मागून मालमोटारीचा भोंगा ऐकू आला एवढेच आठवते. शुद्धीवर होते की नव्हते कोण जाणे. परंतु सायकल कठड्याला घासत थांबली होती आणि कलिंगडांचा हातगाडा ढकलणारे एक म्हातारे गृहस्थ तिचे हँडल धरून उभे होते. "सकाळी काही खाल्लंस का, माय?" एवढेच त्यांनी विचारले. मी होय म्हटले. ते खोटे होते.

त्या दिवसापासून मी औषध घेणे बंद केले, आणि तेही कोणास न सांगता. आईच्या देखत गोळी तोंडात टाकावयाची व बाहेर येऊन ती कंपासपेटीत ठेवावयाची. पंधरवड्याच्या आत भोवळ गेली, आणि तिच्याबरोबर माझे अवधानही गेले. वार्षिक परीक्षेत बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेत मी तिसरा प्रश्न सोडूनच दिला. येत नव्हता म्हणून नव्हे, तर पान उलटण्यास विसरले म्हणून. त्या संध्याकाळी आई माझी कंपासपेटी आवरावयास बसली. तिने त्या गोळ्या एकेक करून पदरात मोजल्या. त्या अकरा भरल्या. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "अगं, मला एक शब्द तरी सांगायचास."

दुसऱ्या दिवशी आम्ही लाल गाडीने लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातुरास गेलो. वाटेतील दोन्ही बाजूंची रखरखीत शेते पाहताना मी डॉक्टरबाईंपुढे काय बोलावे याची मनात शंभर वेळा उजळणी केली, व त्यांच्यापुढे बसताच सारी विसरले. आजी हट्टाने बरोबर आली होती.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न असा विचारला, जो आजवर मजला कोणी विचारला नव्हता: "भोवतालची खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधार येतो?" ही दोन दुखणी निराळी आहेत. खोली गरगर फिरत असेल तर दोष बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. उठताना अंधारी येत असेल तर मेंदूस क्षणभर रक्त कमी पोहोचते. आपल्या मराठीत भोवळ, घेरी, चक्कर, अंधारी असे शब्द उदंड आहेत, परंतु आपण ते सर्व एकाच पिशवीत टाकतो. (वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत तर यास 'भ्रम' म्हटले आहे, म्हणजे ज्यांना माझे दुखणे भ्रमच वाटत होता, त्यांचेही अगदीच चुकले नाही!) माझी अंधारी होती. मग त्यांनी माझा रक्तदाब निजवून मोजला व उभे करून पुन्हा मोजला. निजले असता वरचा आकडा १०६ होता. उभी राहिल्यावर दोन मिनिटांनी ८४. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत हा आकडा वीस किंवा अधिक उतरला, तर तो दोष गणावा असा संकेत आहे.

त्यांनी त्याचे कारण सांगितले ते असे. मनुष्य उभा राहिला की अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या रक्तवाहिन्यांत दाबाचे पहारेकरी असतात, ते तत्काळ वर्दी देतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय त्वरा करते, आणि आपणांस यातील काहीही कळत नाही. माझे औषध पुष्कळांचा रक्तदाब व नाडी किंचित वाढविते, तथापि काहींच्या बाबतीत उठतेवेळी दाब पडतो; त्यात पोटात अन्न नसेल आणि अंगात पाणी कमी असेल तर पहारेकऱ्यांनी तरी काय करावे?

याच ठिकाणी त्यांनी एक गंमतीची हकीकत सांगितली. या विकारावरील दुसरे एक प्रसिद्ध औषध मेथिलफेनिडेट हे होय. स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ लिआन्द्रो पानिझोन यांनी ते १९४४ साली प्रथम तयार केले. त्यांची पत्नी मार्गरीट हिचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्यापूर्वी ती हे औषध घेई व तिला त्याने तरतरी येई, असे सांगतात. तिचे लाडके नाव रीटा. त्यावरून औषधाचे नाव रिटालिन पडले. कमी रक्तदाबाच्या एका गृहिणीचे नाव, मन ठिकाणावर नसलेल्या मुलांच्या औषधाच्या बाटलीवर जगभर फिरत आहे, हे ऐकून मी माझे दुःख क्षणभर विसरले. रीटाबाईंना माझी भोवळ नक्कीच समजली असती.

"न्याहारी काय करतेस?" डॉक्टरबाईंनी विचारले. त्या औषधाने भूक मंदावते, सबब मी चहा व दोन बिस्किटांवर भागवीत होते. "आणि पाणी?" मी म्हटले, तहान लागली की दोन घोट पिते. एवढ्यात आजी, जी आतापर्यंत गप्प होती, ती म्हणाली, "तिचा दोष नाही, डॉक्टरबाई. ते मीच शिकवलंय."

मग आजीने जे सांगितले ते त्या खोलीत बसून ऐकताना मजला माझेच बालपण नव्याने दिसू लागले. २०१६ साली मी सहा वर्षांची होते व आम्ही लातुरातच राहत होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून सरकारने मार्चात जमावबंदीचा हुकूम लावला होता. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. मोठ्या माणसांनी तिचे स्वागत केले. मजला मात्र आठवतो तो आजीचा पितळी तांब्या. त्यातील पाणी घरातील सर्वांस दिवसभर पुरवावयाचे असे. "दोन घोट, लेकरा, दोनच," असे ती म्हणे, आणि मी शहाण्या मुलीप्रमाणे दोनच घोट घेई. पुढे पाणी आले, नांदेडास तर दाराशी गोदावरी आली. परंतु माझ्या घशाने ती आज्ञा मोडली नाही. इतक्या वर्षांत हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. आजीच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच ते मोडायला शिकवा, आजी."

औषध बंद झाले नाही. ते मी परस्पर सोडले याबद्दल मात्र त्यांनी चांगलेच कान उपटले. मधे खंड पडल्यामुळे त्यांनी ते पुन्हा लहान मात्रेपासून सुरू केले व एका वेळेऐवजी सकाळ व सायंकाळ असे विभागून, अन्नाबरोबर घेण्यास सांगितले. याच विकारावर क्लोनिडिन म्हणून जे औषध देतात, ते असे एकाएकी सोडले तर रक्तदाब धोकादायकपणे उसळतो, हेही त्यांनी बजावले. छातीत दुखले, धडधड थांबेना किंवा खरोखरच बेशुद्धी आली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावयाचा.

उरलेले काम माझे व आजीचे होते. उन्हाळाभर तिने मजला रोज पहाटे ज्वारीचे धपाटे व दही खाऊ घातले; भूक नसली तरी निदान एक. निजून उठताना प्रथम कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून बसावे, पोटऱ्या दहावेळा आवळाव्या, नंतर उभे राहावे, हा क्रम माझ्या अंगी लागण्यास महिना लागला. कारण जिला डब्याची आठवण राहत नाही तिला पोटऱ्यांची कशी राहावी? अखेर आजीने पलंगाच्या पायाशी एक लाल चिंधी बांधली, ती डोळ्यांस दिसली की आठवे. प्रार्थनेच्या वेळी मी आता बुटांच्या आत पायाची बोटे हलवीत उभी राहते, आणि शेजारच्या मैत्रिणीस सर्व सांगून ठेविले आहे. मी तिची बाही ओढली की तिने मजला खाली बसू द्यावे, काही विचारू नये. नोंदवहीत भोवळीची तारीख, वेळ, न्याहारी व पाणी मी टिपून ठेविते. एप्रिलात नऊ टिपा होत्या, जूनमध्ये तीन, श्रावणात एक. ती एक एकादशीची आहे, व त्याबद्दल आजीने स्वतःस दोष दिला. परंतु उपवास मी धरिला होता, तिने नव्हे.

पुलावरून मी अद्यापि सायकल हातात धरून चालत जाते. दहा मिनिटे अधिक लागतात. कलिंगडवाले बाबा या दिवसांत पेरू विकतात, व मजला पाहून हात वर करितात.

आजीचा पितळी तांब्या आता माझ्याकडे, नांदेडास आहे. रोज सकाळी सहा वाजता तिचा फोन येतो. अभ्यास, परीक्षा, तब्येत यांपैकी ती काही विचारीत नाही. "पालथा केलास का?" एवढेच विचारते, आणि मी तांब्या खरोखरच पालथा करून फोनजवळ त्यावर टिचकी मारून तिला ऐकविते.