पाच मैलांतली माती



लिंबायतच्या आमच्या घरावर यंदा मजला चढवायचा आणि दर्शनी भिंतीला टाइल्स लावायच्या, असे आम्ही उभयतांनी ठरवले होते. कर्जाचा अर्जही भरला. त्याच आठवड्यात धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी गोष्ट शोधताना लॉरी बेकर यांची ओळख झाली.

बेकर हे इंग्लंडचे वास्तुविशारद, क्वेकर पंथाचे ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी चीनमध्ये कुष्ठरुग्णांची सेवा केली. परतताना मुंबईत बोटीसाठी थांबले असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घराचे सामान पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात रुजला. १९४५ मध्ये ते कुष्ठरुग्णांसाठी इमारती उभारायला भारतात आले. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघे हिमालयात पिथोरागढला गेले आणि तिथेच सुमारे सोळा वर्षे राहिले. त्या दुर्गम डोंगरात त्यांनी स्थानिक दगड, माती, लाकूड वापरून साधे घर आणि दवाखाना उभारला. शिकलेला माणूस गावच्या गवंड्यांकडून पुन्हा शिकला.

वाचताना खानदेशातले आमचे धाब्याचे घर आठवले. शेतातली माती, कडुनिंबाची लाकडे, वर खारी माती. वडिलांनी ते स्वतःच्या हातांनी बांधले होते. सुरतेत आम्ही त्याचे नावही काढत नसू, लाज वाटायची.

बेकर आधी विचारत, घरात राहणार कोण आणि कसे? आम्ही तर आईला काहीच विचारले नव्हते. तिची खाट वरच्या मजल्यावर ठरवून मोकळे झालो होतो. त्या रात्री विचारले.

“मला जिना चढवत नाही रे,” ती म्हणाली. “खालीच राहू दे. अन् उंबरा ठेवू नका, रोझरीला येणाऱ्या म्हाताऱ्या बाया अडखळतात.”

आम्ही खाली मान घातली.

टाइल्स रद्द केल्या, कर्ज कमी केले. पाडलेल्या भिंतीच्या विटा मुलांसोबत घासून पुन्हा वापरल्या. तळहातांना फोड आले, तेव्हा सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे हात आठवले.

हे प्रभू, लोकांना दिसणाऱ्या भिंतीपेक्षा आत राहणाऱ्या माणसाची काळजी आम्हाला आधी वाटू दे. आमेन.