कुलपाचं देणं

पुण्यातल्या एका स्टोरेज कंपनीत मी नवा लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावर बाई बसायच्या. हुद्दा बराच मोठा, पण कोडचे प्रिंटआउट काढून लाल पेनाने तपासायची सवय, म्हणून सगळी टीम त्यांना बाईच म्हणे. फाइलसिस्टिमचं मला जे काही येतं, त्यातलं निम्मंअधिक त्या लाल खुणांमधून आलं आहे.

तेव्हा एक तक्रार आली होती. सर्व्हरमध्ये कोअर वाढवले की छोट्या फाइली भराभर तयार व्हायच्या ऐवजी काम उलट रेंगाळायचं. पर्फ हे मोजमापाचं साधन लावून पाहिलं, तर प्रोसेसर एका यादीच्या स्पिनलॉकपाशी ताटकळत होते. मी म्हणालो, लॉकचे तुकडे करू. बाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी लिनक्समधल्या एक्सएफएस या फाइलसिस्टिमचा एक जुना बदल माझ्यासमोर उघडला. "कोड नंतर. हा बदल का केला ते त्यानं वर लिहिलंय, ते आधी वाच."

तो बदल डेव्ह चिनर यांचा, 2010 च्या अखेरचा. त्याच वर्षी त्यांनी एक्सएफएसमध्ये डिलेड लॉगिंग आणलं होतं. प्रत्येक ट्रान्झॅक्शन लगेच जर्नलमध्ये लिहायचं नाही, बदल मेमरीत साठू द्यायचे आणि एका चेकपॉइंटमध्ये एकदम लिहायचे. जर्नलवरचा भार उतरला, पण गर्दी पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिली. जर्नलमध्ये पोचलेले, पण डिस्कवर आपापल्या जागी न गेलेले बदल एका क्रमवार यादीत असतात. तिचं नाव एआयएल. आता एकेका चेकपॉइंटमागून हजारो नोंदी या यादीत शिरू लागल्या, आणि प्रत्येकीसाठी लॉक घ्या, नोंद जोडा, लॉक सोडा. लॉकची कॅशलाइन या कोअरवरून त्या कोअरवर फिरण्यातच वेळ जाई; जोडण्याचं काम त्यामानाने किरकोळ.

"कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला," बाई म्हणाल्या. "मोहरीसाठी मागायची, परत द्यायची. हळदीसाठी पुन्हा मागायची. फोडणी जळणारच ना रे?"

चिनर यांनी हेरलं ते असं, की एका चेकपॉइंटमधल्या जवळजवळ सगळ्या नोंदींचा जर्नलमधला क्रमांक एकच असतो, म्हणजे यादीतली जागाही एकच. मग 32 नोंदी आधी बाहेर गोळा करायच्या, लॉक एकदा घ्यायचा, जागा एकदा शोधायची आणि सगळ्या एकदम जोडून टाकायच्या.

मला वाटलं, संपलं. पण बाईंचं लाल पेन खरं यानंतर चाललं. 32 च का, हजार का नाहीत? एक तर गोळा करायचा ॲरे कर्नलच्या स्टॅकवर आहे. 64 बिट यंत्रावर 32 पॉइंटर म्हणजे 256 बाइट, आणि तेव्हा अख्खा स्टॅक होता 8 केबीचा. शिवाय गठ्ठा जितका मोठा, तितका वेळ लॉक अडकून राहणार, बाकीचे बाहेर घिरट्या घालणार. दुसरी खूण त्यांनी दोनदा केली होती. एखाद्या नोंदीचा क्रमांक वेगळा निघाला, तर ती गठ्ठ्यात जात नाही. तिच्यासाठी तोच लॉक स्वतंत्रपणे घेतला जातो आणि लॉक हातात आल्यावर क्रमांक पुन्हा तपासला जातो. "गठ्ठे कुणीही बांधतं," बाई म्हणाल्या, "त्यात न बसणारी नोंद कुठे जाते ते बघत जा." कामगिरी सुधारण्याच्या नावाखाली पुढे मी जे कोड वाचलं, त्यात ही काळजी क्वचितच दिसली.

आमच्या यादीला तोच इलाज लागू पडला. बदलाच्या टिपणात मी कल्पना बाईंची असं लिहिलं होतं. त्यांनी ती ओळ लाल रेघ मारून काढायला लावली आणि तिथे चिनर यांच्या बदलाचा उल्लेख घालायला सांगितला. "माझं काय आहे त्यात? मीपण तिथंच वाचलं."

त्यामुळे त्या कोडच्या इतिहासात बाई कुठेच नाहीत. हा लेख लिहितोय असं फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "लिही, पण नाव घालू नकोस. आणि छापायच्या आधी मला पाठव."