भुईकोटातील शेजारी

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तेथील भुईकोट किल्ला आम्ही घरच्या मंडळींसह पाहिला. गोल तट, भोवती खंदक. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे बारा नेते इंग्रजांनी येथे कोंडले. अडीच वर्षांहून अधिक काळ तेच एकमेकांचे शेजारी.

सर्वांत वडील वल्लभभाई पटेल, ६६ वर्षांचे. सर्वांत धाकटे ओडिशाचे हरेकृष्ण महताब, ४२ वर्षांचे. एक गुजराती, दुसरा ओडिया. वयात बाप-लेकाएवढे अंतर. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये ओडिशातील संस्थानांचे विलीनीकरण याच दोघांनी कटकला घडवून आणले. किल्ल्यातला शेजार तेव्हा उपयोगी पडला असणार, असे आम्हांस वाटते.

आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे ते आचार्य नरेंद्र देव यांना. दम्याचे दुखणे असूनही वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’च्या हिंदी भाषांतराचे काम त्यांनी येथे केले. नेहरूंनी १९४४ मध्ये येथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि या विद्वान सोबत्यांपासून झालेला लाभ प्रस्तावनेत नमूद केला.

२०२० च्या टाळेबंदीत आपल्याही चाळींत म्हाताऱ्यांची औषधे शेजारच्या पोरांनी आणली. म्हाताऱ्यांनी त्यांना चार गोष्टी सांगितल्या. दारे उघडली, मग तो शेजार किती घरांनी टिकवला?

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. जाण्यापूर्वी प्रवेशाची चौकशी करावी, ओळखपत्र न्यावे. आणि जमल्यास शेजारच्या आजोबांनाही सोबत न्यावे.