विषाणूचे मूळ

कोविडच्या साथीत ज्यांनी आपले माणूस गमावले आणि मोजक्या आप्तांच्या उपस्थितीत त्याला मातीच्या स्वाधीन केले, ती कुटुंबे आजही आम्हांला विचारतात, "हा विषाणू कुणी बनवला हो?" प्रश्नातच उत्तर गृहीत धरलेले असते. दुःखाला दोषी हवा असतो. वटवाघळाला कोण जाब विचारणार?

सार्सचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २००२ च्या नोव्हेंबरात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात ती साथ सुरू झाली. पुढच्याच वर्षी बाजारातील उदमांजरांत तसाच विषाणू सापडला आणि २००५ साली वटवाघळांपर्यंत माग पोहोचला. युन्नानमधील एका गुहेतल्या वटवाघळांत त्या विषाणूचे सारे घटक विखुरलेले आढळल्याचे प्रसिद्ध झाले ते मात्र २०१७ साली! प्राणी हाती लागले होते, तरीही इतका काळ गेला.

वुहानमध्ये प्राणीच हातचे गेले. डिसेंबर २०१९ मधील ज्ञात रुग्णांपैकी पुष्कळांचा संबंध हुआनान बाजाराशी होता. १ जानेवारी २०२० रोजी तो बंद झाला आणि नमुने घेणारे आले तेव्हा विक्रीचे जिवंत वन्य प्राणी तेथे उरले नव्हते. मग जमीन, हातगाड्या, गटारे पुसून नमुने घेण्यात आले. त्यांपैकी काहींत विषाणू आणि रॅकून डॉग या कोल्ह्याच्या कुळातील प्राण्याचे जनुकीय अंश एकत्र मिळाले. हा प्राणी तेथे विकला जाई, याला आणखी एक पुरावा आहे: विषाणुशास्त्रज्ञ एडवर्ड होम्स यांनी २०१४ साली त्याच बाजारात पिंजऱ्यातल्या रॅकून डॉगचे छायाचित्र टिपले होते. मायकेल वोरोबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली पहिल्या रुग्णांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा बाजारात कधी न गेलेले रुग्णही बाजाराच्याच आसपास राहत असल्याचे दिसले.

जेसी ब्लूम यांना हे पुरेसे वाटत नाही. दोघांचे अंश एका ठिकाणी मिळाले म्हणून प्राणी बाधित होता असे ठरत नाही, कारण तोवर बाधित माणसेही तेथे वावरत होती. शिवाय वटवाघळांच्या विषाणूंचा अभ्यास करणारी संस्था वुहानमध्येच आहे, हा योगायोग अनेकांना खटकतो. तिच्याकडील सर्वांत जवळचा ज्ञात विषाणू सुमारे ९६ टक्के जुळतो. उरलेल्या ४ टक्क्यांत हजाराहून अधिक जनुकीय अक्षरांचा फरक आहे, म्हणजे निसर्गातील कित्येक दशकांचे अंतर. अर्थात 'बनवला' आणि 'चुकून निसटला' हे दोन अगदी वेगळे आरोप आहेत. चावडीवरच्या चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते.

आम्हांला बाजाराची बाजू अधिक वजनदार वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा जून २०२५ चा अहवालही प्राण्यांकडेच झुकतो, परंतु प्रयोगशाळेची शक्यता तो निकालात काढत नाही. शेकडो रुग्णांमधील विषाणूंचे जनुकीय क्रम, बाजारातील प्राण्यांचा तपशील आणि प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेची माहिती चीनकडे मागूनही मिळाली नाही, अशी नोंद त्यात आहे.