अक्षरांचा शेजार

प्रिय सई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, माझं मराठी माध्यम. इंग्रजी शब्दांचे खेळ माझ्यासाठी नाहीत." होस्टेलवर सगळ्या जणी वर्डल खेळतात. तू अडलीस की शब्द शोधून देणाऱ्या साइटवर अक्षरं टाकतेस आणि यादीतला पहिला शब्द उचलतेस, हेही सांगितलंस. साइटला माझा विरोध नाही. पण ते माध्यमाचं वाक्य चुकीचं आहे. ते तुझ्या मनातून जावं म्हणून लिहायला बसले.

न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा इंग्रजी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवायच्या खेळाचा, अनेक वेळचा जगज्जेता. 2015 मध्ये त्यानं फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! काही आठवडे शब्दकोश पाठ करून तो खेळायला बसला होता. 2024 मध्ये स्पॅनिशचंही विजेतेपद त्यानं असंच मिळवलं. त्याची स्मरणशक्ती अफाट आहे, ती तुझ्यामाझ्याकडे नाही. तरी दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधणं आणि फाडफाड बोलणं ही दोन वेगळी कसबं आहेत, एवढं त्याच्याकडे पाहून पटतं. पहिलं कसब घरबसल्या शिकता येतं.

वर्डलचंच बघ: लपलेला पाच अक्षरी शब्द मोजक्या संधींत ओळखायचा. जॉश वॉर्डल या प्रोग्रामरनं तो खेळ आपली जोडीदार पलक शहा हिच्यासाठी बनवला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. तेवढे सगळे ठेवले तर खेळणारा हैराण होईल, म्हणून पलकनं एकेक शब्द पाहून आपल्या ओळखीचे निवडले आणि यादी अडीच हजारांच्या आसपास आणली. 2022 च्या सुरुवातीला न्यूयॉर्क टाइम्सनं हा खेळ विकत घेतला, तरी उत्तर नेहमीच्या वापरातलं असावं हा कल टिकून आहे. म्हणजे उत्तर बहुतेक वेळा तुला माहीत असलेलाच शब्द असतो. अडतं ते तो आठवण्यापाशी.

आठवण्याची सुरुवात अक्षरांच्या वापरापासून कर. अमेरिकेत मंदीच्या काळात आल्फ्रेड बट्स नावाच्या आर्किटेक्टचं काम सुटलं. त्यानं वर्तमानपत्राच्या पानांवर कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्या हिशेबावर पुढे स्क्रॅबल उभं राहिलं. शंभर सोंगट्यांत 'ई' बारा, 'ए' आणि 'आय' नऊ-नऊ, 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. 'एस' मात्र मुद्दाम चारच ठेवले, कारण तो बहुतेक नामांमागे लावून अनेकवचन करता येतं आणि खेळ फार सोपा होतो. मोर्सच्या तारेतही 'ई'ला एकच बिंदू आहे, 'टी'ला एकच रेघ. ज्याचं काम जास्त त्याची खूण छोटी. म्हणून वर्डलमध्ये पहिला शब्द 'स्लेट' किंवा 'क्रेन' टाकणारे लोक विचार करूनच टाकतात.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: अक्षरांचा शेजार. गाण्यांच्या भेंड्यांत 'ळ' आला की सगळे ओरडतात, कारण 'ळ'नं मराठी शब्द सुरू होत नाही. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, कानाला ते ठाऊक असतं. इंग्रजीतही असंच आहे, फक्त तिथं डोळ्याला शिकवावं लागतं. 'व्ही' सहसा शब्दाच्या शेवटी येत नाही, मागे 'ई' घेऊन येतो. 'क्यू'च्या पाठोपाठ बहुधा 'यू' असतो. 'एच' शब्दाच्या सुरुवातीला नसेल तर त्याला बहुधा आधी सोबती लागतो: एस, सी, टी, डब्ल्यू, पी, जी. शेवटी 'जे' इंग्रजीला जवळजवळ चालत नाही, पण स्क्रॅबलच्या शब्दकोशात 'राज', 'ताज' आणि 'स्वराज' आहेत! 'यू'शिवायच्या 'क्यू'साठी तिथं 'फकीर' सापडतो. 'जी-एच'नं सुरू होणारे शब्द शोधताना 'घोस्ट'बरोबर 'घी' आणि 'घाट'ही मिळतात. ही आपल्याकडून गेलेली मंडळी तुला तरी सहज आठवायला हवीत.

आता एक उदाहरण करून बघू. पाच अक्षरं, त्यात 'ए', 'आर', 'टी' हवेत, 'ई' आणि 'एस' नकोत. शब्द आठवायच्या मागे लागू नकोस, आधी जोड्या मांड. 'टी-आर' सुरुवातीला धर: ट्रेन, ट्रेल, ट्रॅक, ट्रॅम्प. मग 'आर-टी' शेवटाकडे ने: चार्ट, अपार्ट, क्वार्ट. मागे 'वाय' लावला की पार्टी. 'एफ-टी' शेवटी ठेव: ड्राफ्ट, क्राफ्ट, ग्राफ्ट. शेवटी 'आय-ओ' येऊ दे: रेशो. यातला कुठला शब्द तुला नवा होता? फार तर क्वार्ट.

एक सापळा मात्र ओळखून ठेव. शेवटची चार अक्षरं 'आय-जी-एच-टी' हिरवी झाली, म्हणजे आपापल्या जागी बरोबर ठरली, की माणूस खूश होतो आणि लाइट, नाइट, राइट, फाइट, माइट, साइट, टाइट, एट असा एकेक टाकत सगळ्या संधी संपवतो. तिथं थांबायचं आणि मुद्दाम 'फिल्म्स' टाकायचा. तो उत्तर नसणार हे माहीत असतंच. पण त्यात 'एफ', 'एल', 'एम', 'एस' एकाच फटक्यात तपासून होतात. एखाद्याला रंग आला तर उत्तर हातात, नाही आला तर निम्मे शब्द बाद. मिळालेला सुगावा वापरलाच पाहिजे अशी सक्ती असलेल्या कठीण प्रकारात ही युक्ती चालत नाही, हे लक्षात असू दे. माझ्या मते याच एका चालीत या खेळाचं सगळं सौंदर्य आहे: जिंकायचं सोडून आधी माहिती मिळवायची.

आणि ती साइट? खेळ संपल्यावर उघड. यादी पाठ करू नकोस, शेवटाप्रमाणे गट पाडून वहीत उतरव. अनेकवचनी 'एस'चे शब्द तिथं ढिगानं दिसतील. वर्डलमध्ये ते उत्तर म्हणून क्वचितच येतात, त्यांच्यावर वेळ घालवू नकोस.

तुझ्यासाठी एक कोडं ठेवते. पाच अक्षरं, बरोबर मधे 'वाय', आणि 'ए, ई, आय, ओ, यू' यांतलं एकही नाही. असे चार-पाच शब्द तरी आहेत आणि त्यातला एखादा तुझ्या कॉम्प्युटरच्या पुस्तकातही भेटला असेल. साइट न उघडता शोध. किती सापडले ते नाही सांगितलंस तरी चालेल, कुठल्या जोडीपासून सुरुवात केलीस ते मात्र सविस्तर कळव.

तुझी,
मावशी