‘काळजी’ : एक नाम, दोन क्रिया

अस्वस्थ मनासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घोर, धास्ती, विवंचना, फिकीर, चिंता अशी ही मोठी मालिका आहे. त्यांपैकी ‘चिंता’ ही ‘चिंतना’ची सख्खी बहीण. तिच्या मुळाशी विचार आहे. ‘काळजी’ची व्युत्पत्ती मात्र कोशकार ‘काळीज’ या शब्दाकडे नेतात, म्हणजेच शरीराकडे. संस्कृत ‘कालेय’, प्राकृत ‘कालिज्ज’ आणि मराठी ‘काळीज’ या परंपरेत मूळ अर्थ यकृत असाच आहे. अमरकोशात यकृताला ‘कालखंड’ हा पर्याय आढळतो. मराठीने पुढे हृदयाचे काम याच अवयवाकडे सोपविले. ‘काळीज धडधडते’ असे म्हणताना यकृत धडधडत नसते, याची आठवण कोणालाच राहिलेली नाही.

अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्या मातीची ‘कायी माती’ होते, तशीच काळजीची ‘कायजी’. उच्चार पालटला, तरी शब्दाचा अंतर्गत व्यवहार प्रमाण मराठीतल्यासारखाच राहिला. काळजी ‘लागते’, ‘वाटते’ किंवा ‘केली’ जाते, तेव्हा ती अस्वस्थता असते. ‘घेतली’ जाते, तेव्हा ती जपणूक होते. नाम एकच, अर्थनिर्णय क्रियापदाचा.

आता वऱ्हाडातही सर्वतोमुखी असलेल्या ‘टेन्शन’शी तुलना केली की हे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. ‘टेन्शन घेऊ नको’ आणि ‘काळजी घे’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘घेणे’ हेच आहे. पण पहिल्यात घेणारा स्वतःवर ओझे ओढवून घेतो, तर दुसऱ्यात तो स्वतःला अथवा दुसऱ्याला सांभाळतो. ‘टेन्शन’मध्ये जपणुकीला जागा नाही. मानसशास्त्रीय परिभाषेतील ‘चिंताविकृती’ या संज्ञेतही ती नाही. नेमकेपणासाठी परिभाषेला हा त्याग करावाच लागतो. मात्र त्यामुळे दुःखाचे नाव आणि त्यावरील उपायाचे नाव यांची फारकत होते.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिकच्या जगण्यात ही फारकत करताच येत नाही. तिची घालमेल आणि संसार सावरण्याची तिची धडपड या एकाच अनुभवाच्या दोन बाजू आहेत. एक वगळून दुसरीचा अर्थ लावणारी समीक्षा कौतिकला केवळ सोशीक तरी ठरवील किंवा केवळ कर्तबगार तरी.

हा प्रश्न वाङ्मयापुरता मर्यादित नाही. कोरडवाहू कापसाच्या आणि शेतकरी-आत्महत्यांच्या या प्रदेशात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमध्ये ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्य प्रकल्प राबविला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्या साहाय्याने १८ महिन्यांत, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आजार तोच होता. कोणीतरी दारापर्यंत आले, हा फरक होता.

‘कायजी नको करू’ हा दिलासा वऱ्हाडात घरोघरी दिला जातो. तो शब्दाच्या एकाच अर्थाला उद्देशून असतो. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने एकट्याने पुरा करावयाचा नसतो. बोलणाऱ्यावर तो येऊन पडतो. कोणाची तरी काळजी घेतली जाते, तेव्हाच त्याला काळजी न करणे शक्य होते.