राजूरचा लोभ

प्रवासलेख म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, दक्षिणेंतील गोपुरें, निदान एखादा गड तरी उभा राहतो. राजूर हें गांव त्या पंक्तींत बसणारें नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांत, वणी तालुक्यांत तें आहे. तेथें येणारा मनुष्य कोळशासाठीं येतो, चुन्यासाठीं येतो, नाहीं तर नात्यागोत्यासाठीं येतो. मी या तिसऱ्या कारणानें गेलों होतों. माझी वृद्ध आत्या राजुरांतील आपलें बिऱ्हाड कायमचें मोडून नागपुरास मुलाकडे जावयाची होती. घराची आवराआवर करावयास चार हात हवे होते, म्हणून तिनें मला पत्र घातलें. पत्राच्या शेवटीं तिच्या थरथरत्या अक्षरांत नेहमींचेच शब्द होते: ‘लोभ असावा, ही विनंती.’

निघण्याच्या आदल्या दिवशीं मुंबईस एका जुन्या स्नेह्यांची गांठ पडली. हे गृहस्थ अलिबागकडील बेने-इस्रायल. त्यांच्या समाजांतील पुष्कळ कुटुंबांप्रमाणें त्यांचेंही निम्में गोत आतां इस्रायल देशांत आहे. तेथें त्यांस नात झाली होती आणि तिचें नांव ‘हेम्दा’ ठेवलें होतें. मीं अर्थ विचारला, तेव्हां ते थोडें थांबून म्हणाले, “मनाला हवीहवीशी वाटणारी, जपून ठेवावी अशी वस्तु. पण खरें सांगूं? याच धातूपासून निघालेलें क्रियापद आमच्या दहा आज्ञांपैकीं शेवटच्या आज्ञेंत आहे, आणि तेथें तें करूं नये म्हणून सांगितलें आहे.”

एकाच धातूंतून लाडक्या नातीचें नांवही निघावें आणि निषिद्ध पापही निघावें, याचें मला नवल वाटलें. आगगाडींत बसल्यावर तोच विचार सोबतीस होता.

हिब्रू भाषा आपल्यास वाटते तितकी परकी नाहीं. कोंकणांत कित्येक पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं ते बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची घरची भाषा मराठी आणि आडनांवें कोंकणांतील गांवांवरून पडलेलीं. मुंबईंतील त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर 1796 सालीं सामुएल इझिकेल दिवेकर यांनीं बांधलें. पुढें 1832 सालीं डॉक्टर जॉन विल्सन यांनीं त्यांच्यासाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. इतकेंच नव्हे, तर एका महाराष्ट्रीय ब्राह्मण विदुषीनेंही या भाषेचा अभ्यास केला. अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या पंडिता रमाबाई यांनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत बसून हिब्रू व ग्रीक मुळांवरून सबंध बायबल मराठींत उतरविलें. 1922 सालीं त्या वारल्या आणि 1924 सालीं तो ग्रंथ पुरा छापून निघाला. त्यांचें धर्मांतर ज्यांस रुचलें नाहीं, त्यांसही हा व्यासंग नाकारतां येणार नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं मला एका कागदावर या शब्दाचीं स्थळें टिपून दिलीं होतीं. ह, म आणि द हीं तीन व्यंजनें त्याच्या मुळाशीं आहेत. अरबींत याच तीन व्यंजनांचा अर्थ स्तुति करणें असा होतो. अहमद, महमूद हीं नांवें त्यांतूनच आलीं. हिब्रूंत मात्र त्यांचा ओढा ‘हवेंसें वाटणें’ याकडे आहे. ज्या शनिवारीं घाणे बंद राहत, त्यास सब्बाथच्या प्रार्थनेंत सर्व दिवसांमधील ‘हेम्दा’ म्हटलें आहे. रिबेकेनें आपल्या थोरल्या मुलाचीं जीं उंची वस्त्रें घरांत जपून ठेविलीं होतीं, तीं ‘हमूदोत’. दानियेलास देवदूत भेटतो, तेव्हां याच शब्दानें त्यास परमप्रिय म्हणून संबोधितो. एज्राच्या ग्रंथांत यरुशलेमास न्यावयाच्या वस्तु तोलून दिल्या आहेत. त्यांत चकचकीत तांब्याचीं दोन भांडीं आहेत आणि तीं सोन्याइतकीं ‘हमूदोत’ आहेत असें लिहिलें आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झालें, तेव्हां उपाशी लोकांनीं जीव जगविण्याकरितां आपल्या ज्या लाडक्या चिजा अन्नासाठीं देऊन टाकिल्या, त्यांसही याच धातूचा शब्द आहे.

परंतु सर्वांत मार्मिक स्थळ उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. दुसऱ्या अध्यायांत ईश्वर बाग लावतो, तेव्हां तींतील झाडें पाहण्यास मनोहर होतीं असें सांगतांना हा शब्द येतो. तिसऱ्या अध्यायांत हव्वा निषिद्ध झाडाकडे पाहते आणि तें तिला हवेंसें वाटतें, तेथेंही तोच शब्द! सौंदर्य ईश्वरानेंच निर्मिलेलें होतें. फरक पडला तो पुढें झालेल्या हाताचा.

असा विचार करीत मी वणीस उतरलों. हें गांव लोकनायक बापूजी अणे यांचें जन्मस्थान. 1880 सालीं ते येथें जन्मले. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत याच गांवाच्या नांवानें ‘वूण जिल्हा’ म्हणून ओळखला जात असे. वणीहून राजूर जवळच आहे. रस्त्याच्या दोहों अंगांस काळी कसदार जमीन, तींत कपाशी, तूर आणि अलीकडे सोयाबीन. मधूनच बांधावर पळस आणि बाभळी. परंतु थोडें पुढें गेलें कीं झाडांच्या पानांवर काजळासारखी पूड दिसूं लागते. कोळशानें भरलेल्या मालमोटारींची रांग संपतां संपत नाहीं. राजूर जवळ आलें कीं त्याच काळ्या मुलखांत पांढरी धूळ दिसते. ती चुन्याच्या भट्ट्यांची. भूमीच्या एका थरांतून काळें धन निघतें, दुसऱ्यांतून पांढरें. वस्तींत मराठीबरोबर तेलुगु आणि हिंदीही कानीं पडते, कारण खाणींच्या कामास माणसें दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं आहेत.

हा कोळसा कोठून आला, हें जाणून घेण्याजोगें आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील हे थर सुमारें सत्तावीस-अठ्ठावीस कोटि वर्षांपूर्वींचे. हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व दक्षिण ध्रुवाकडील खंड तेव्हां एकत्र जोडलेले होते. येथील दलदलींत वाढलेलीं अरण्यें गाळाखालीं दबून त्यांचा कोळसा झाला. त्या खडकांस भूगर्भशास्त्रज्ञांनीं गोंड लोकांच्या देशावरून ‘गोंडवन’ हें नांव दिलें आणि पुढें तेंच नांव त्या प्राचीन महाखंडास मिळालें. ज्या गोंड-कोलामांच्या झोंपड्या आजही या तालुक्यांत दिसतात, त्यांच्या नांवानें पृथ्वीचें अर्धें पूर्वरूप ओळखलें जावें, हा योग खरोखर विलक्षण होय!

राजूरची खाण राष्ट्रीयीकरणाच्या पूर्वींची. 1973 सालीं सरकारनें या जातीच्या कोळशाच्या खाणी आपल्याकडे घेतल्या, आणि 1975 पासून या भागांतील सरकारी खाणींचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीकडे आला. भूगर्भांत कोळसा असलेली जमीन सरकारास घेतां यावी म्हणून 1957 चा स्वतंत्र कायदा आहे. प्रथम पाहणीची सूचना निघते, मग घेण्याचा उद्देश जाहीर होतो, हरकती ऐकतात आणि अखेर जमीन सरकारजमा होऊन मोबदला ठरतो. देशास वीज पाहिजे, विजेस कोळसा पाहिजे, आणि कोळसा जेथें आहे तेथूनच काढावा लागणार. हें सारें खरें. तथापि गांवाबाहेर एका बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानें मला जें सांगितलें, तेंही खोटें नव्हे.

“मालक, वावर लय चांगलं हाय. पऱ्हाटी पहा कशी लागली. पण ज्याले त्याले खालचंच दिसते, वरचं कोनाले दिसत नाही.”

“तुमच्या मनांत काय आहे? द्यावें कीं ठेवावें?” मीं विचारलें.

“पोरगा म्हनते, पैसा येईन, नोकरी लागन. मी म्हनतो, बाप इथंच जाळला. दोघंही खरंच बोलतो, बापा. म्हनून तर झोप लागत नाही.”

माझ्या खिशांतील कागदावर इस्रायलाच्या भूमीचें एक विशेषण होतें: ‘एरेत्स हेम्दा’, म्हणजे हवीहवीशी भूमि. त्याच कागदावर मीखा नांवाच्या द्रष्ट्याचेंही स्थळ होतें. शेतांचा हव्यास धरून तीं बळकावणाऱ्यांस तो याच धातूच्या क्रियापदानें दोष देतो. भूमि जितकी प्रिय, तितकेच तिच्यावर डोळे अधिक. म्हाताऱ्याच्या घरांत तर बाप आणि मुलगा दोघांचीही भूमीकडे ओढ होती. एकाची वरच्या मातीकडे, दुसऱ्याची तिच्या मोबदल्याकडे. त्यांतला कोणता लोभ चांगला आणि कोणता वाईट, हें वाटसरूनें परस्पर ठरवूं नये, असें मला वाटलें.

आत्याच्या घरीं पोंचलों तों ओसरीवर पेट्या मांडलेल्या होत्या. आतोबा शाळामास्तर, त्यांस जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. संसार थोडका, पण प्रत्येक वस्तु पुसून-पांसून ठेवलेली. लग्नांतला शालू मलमलीच्या फडक्यांत गुंडाळलेला होता. घडीवर त्याची जर विरली होती. आत्यानें तो सुनेसाठीं बाजूस काढला. चांदीचें तबक नातीस, पोथ्या मला. ती एकेक वस्तु हातांत घेई, थोडी थांबे आणि ज्याची त्याच्या नांवानें ठेवी. ते दोन दिवस मीं तिच्या तोंडून एकदांही किंमतीची गोष्ट ऐकली नाहीं.

माझें मन मात्र एका वस्तूंत गुंतलें होतें. न्हाणीघरांत तांब्याचें मोठें घंगाळ होतें. लहानपणीं उन्हाळ्याच्या सुटींत याच घंगाळांतील ऊन पाण्यानें आत्यानें मला न्हाऊं घातलें होतें. चिंचेनें घांसून तें असें लखलखत असे कीं त्यांत तोंड दिसावें. पोथ्या मला मिळाल्या याचा आनंद व्हावयास हवा होता. पण डोळा वारंवार तिकडेच जाई. शेवटीं न राहवून मीं म्हटलें, “आत्या, एवढें जड घंगाळ नागपूरच्या लहानशा बिऱ्हाडांत कोठें ठेवणार? मी घेऊन जातों.”

आत्या हंसली. “अरे बाळ, तें कालच देऊन झालें,” ती म्हणाली, आणि तिनें शेजारच्या बाईस हांक मारली.

ही बाई मूळची तेलंगणांतली. तिचा नवरा खाणींत कामास होता. आतोबांच्या मागें आत्या एकटी राहूं लागली, तेव्हांपासून पहाटे चूल पेटवून त्या घंगाळांत पाणी काढून देणारी तीच. आत्या पडली तेव्हां तिला पाठीवर घेऊन दवाखान्यांत नेणारीही तीच. मी त्या वर्षांत किती वेळां आलों होतों? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही नाहीं. बाई संकोचून म्हणाली, “काकू, भाऊंना द्या तुम्ही. घरची वस्तु घरांत जाऊं द्या.” तिनें असें म्हणतांच मला खालीं पाहावें लागलें. मी ज्यास आजवर प्रेम समजत होतों, त्यांत दुसऱ्याच्या वांट्यावर ठेवलेला डोळाही होता.

“नको,” मी म्हणालों, “घंगाळ आपल्या घरींच राहत आहे.” तें उचलून तिच्या दारापर्यंत पोंचविण्यास मीं हात दिला. तेव्हां तें फार जड लागलें, हें कबूल करतों.

रात्रीं ओसरीवर पडल्या पडल्या मला आत्याच्या पत्रांतील शेवटची ओळ आठवली आणि एकदम हंसूं आलें. हिब्रूंतील ज्या धातूचें मला एवढें नवल वाटलें होतें, त्याचें जुळें भावंड आपण रोज पत्राखालीं लिहीत आलों आहों! लोभ हा षड्रिपूंपैकीं एक. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रांत परधनाच्या आसक्तीचा निषेध आहे. आणि तरीही वडील मंडळींस पत्र लिहितांना आपण त्यांच्याकडे लोभच मागतों. गोजिरवाण्या मुलास आपण लोभस म्हणतों, आणि हावरट मनुष्यास लोभी. संस्कृतांतील ‘लुभ्’ धातूचें कूळ इतकें दूरवर पसरलें आहे कीं इंग्रजांचा ‘लव्ह’ हा शब्दही त्याच घरचा. भाषा करणाऱ्यांस हा घोटाळा उमगला नव्हता असें नाहीं. प्रेम आणि हांव एकाच उगमांतून वाहतात, हें त्यांनीं ओळखलें होतें; म्हणून त्यांनीं शब्द दोन केले नाहींत, जपण्याचें काम आपल्यावर सोंपविलें.

वस्तु ‘हेम्दा’ होते ती तिच्या किंमतीनें नव्हे, तिच्याभोंवतीं घडलेल्या सेवेनें. सेवा ज्याची, वस्तु त्याची. इतरांनीं तिच्याकडे प्रेमानें पाहावें आणि हात मागें घ्यावा. हें सूत्र घंगाळापुरतें मला समजलें. घराघरांतून वांटण्या होतात, भावाभावांत पेट्या उघडल्या जातात, तेथेंही तें उपयोगी पडावें. राजूरच्या काळ्या जमिनीस तें कसें लावावें, हें मात्र मला अजून सांगतां येत नाहीं. तेथील बाप-लेकांची झोंप परत येवो, इतकीच प्रार्थना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्या मोटारींत बसली. शेजारीण पदर डोळ्यांस लावून उभी होती. आत्यानें खिडकींतून तिचा हात धरला आणि पत्राखालीं लिहावयाचे तेच शब्द ती तोंडानें बोलली, “बाई, लोभ असूं दे हो.”